फुलपाखरं बागेत येतात, पण थांबत नाहीत? या चुका टाळा

गच्चीवर झेंडू, जास्वंद, पेंटास सगळं फुललेलं असतं. फुलपाखरू येतं, एक घिरटी मारतं आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या रुईकडे निघून जातं. कोल्हापुरात पाऊस ओसरून ऊन पडायला लागलं की ही तक्रार ठरलेली. दोष बहुतेक वेळा फुलांचा नसतोच. फुलपाखरू उडताना दिसलं की आपण बागडतंय म्हणून मोकळे होतो, पण त्या बिचाऱ्याला बागडायला वेळ कुठला? ते ऊन शोधत असतं, क्षार शोधत असतं, मादी शोधत असतं, नाहीतर अंडी घालायला पान. या चारांपैकी काय चाललंय ते ओळखायला शिकलं की बाग सुधारते आणि फोटोही बरे येतात.

पहाटे कॅमेरा घेऊन निघणं

ही पक्षीवाल्यांची सवय. रंकाळ्यावर सहा वाजता बगळे दिसतील, फुलपाखरं नाही. उडण्याचे स्नायू छातीत असतात आणि ते साधारण 30 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट उडता येत नाही. ही ऊब बहुतेक करून उन्हातूनच घ्यावी लागते. म्हणून थंडीच्या दिवसांत नऊ ते बारा ही वेळ धरा. आभाळ भरून आलं तर त्या दिवशी घरी बसलेलं चालेल.

सकाळी पँसी किंवा लेमन पँसी जातीची फुलपाखरी मादी-नर कोणीही जमिनीलगत पंख पसरून बसलेली असते. तेव्हा ती ऊन खात असते आणि जवळ जाऊ देते, कारण अजून तिला झटकन उडता येत नाही. तुमची सावली मात्र तिच्यावर पडू देऊ नका. ऊन अडलं की तिच्या दृष्टीनं वर कोणीतरी आलेलं असतं. पिवळ्या ग्रास यलोचं उलटं. ती बसली की पंख मिटूनच बसते आणि अंग एका बाजूला कलवून ऊन घेते. तिचे पंख उघडतील म्हणून गुडघे दुखेपर्यंत वाट बघणारे पाहिलेत मी. ती उघडत नाही. वरची बाजू हवी असेल तर उडतानाच टिपावी लागते.

संथ उडतंय म्हणजे आजारी आहे, असं समजणं

प्लेन टायगर हे केशरी, काळ्या टोकांचं फुलपाखरू इतकं निवांत उडतं की हातात येईल असं वाटतं. त्याची अळी रुईची पानं खाते, रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवते आणि ती पुढं फुलपाखरातही राहतात. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. मग घाई कशाला करायची? क्रो आणि ब्लू टायगर या फुलपाखरांचीही चाल अशीच.

या चालीची नक्कलही होते. डॅनाइड एगफ्लायची मादी दिसायला प्लेन टायगरसारखी, पण तिच्यात ते विष नाही. कॉमन मॉरमॉनच्या माद्यांचा एक प्रकार कॉमन रोझसारखा दिसतो. गडबड टाळायची असेल तर पंखांवरचे ठिपके मोजत बसू नका, अंग बघा. कॉमन रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. शिवाय दचकवलं तर मॉरमॉन सोंग सोडून सुसाट पळते.

बाकीच्यांचं वेडंवाकडं, हिसके देत उडणंही उगाच नसतं. अंगाच्या मानानं पंख फार मोठे, त्यामुळे पंखांच्या प्रत्येक फटक्याला सगळं अंग वरखाली होतं आणि पुढची दिशा पक्ष्याला हेरता येत नाही. वर नेलेले पंख एकमेकांवर टाळीसारखे मिटतात, मधली हवा मागे फेकली जाते आणि फुलपाखरू पुढे ढकललं जातं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली दाखवलं, की पंख लवचीक असल्यामुळे मिटताना मध्ये खोलगट होतात आणि टाळीचा जोर वाढतो.

मागचे पंख फाटलेलं फुलपाखरू दिसलं की लोक हळहळतात. मागच्या पंखांशिवायही फुलपाखराला उडता येतं, फक्त झटकन वळणं जमत नाही. फाटलेला भाग एकदा जवळून बघा. दोन्ही बाजूंच्या पंखांना अगदी एकाच जागी, एकाच आकाराची खाच असेल, तर पंख मिटून बसलेलं असताना चोचीनं लचका तोडलाय आणि तरीही ते निसटलंय.

दोघं गिरक्या घेतायत म्हणजे जोडी, असं धरून चालणं

गोल गोल फिरत उंच चढत जाणारी दोन फुलपाखरं बऱ्याचदा दोन नर असतात आणि ते हद्दीवरून भांडत असतात. ग्रेट एगफ्लायचा नर एक पान धरून बसतो, समोरून जाईल त्याच्या मागं लागतो आणि परत त्याच पानावर येतो. फोटोवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. उडालं म्हणून मागं धावू नका, तिथंच थांबा. काही जातींचे नर मादीची वाट बघत टेकडीचा माथा धरतात. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या बाजूला गेलात तर उतारावरची फुलं धुंडाळण्यापेक्षा दहा-साडेदहाच्या उन्हात माथ्यावरच्या मोकळ्या जागा आधी बघा.

पानावर बसलेल्या पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलपाखरानं पंख पसरून पोट सरळ वर केलं, तर तो नकार असतो. मादी वर घोंगावणाऱ्या नराला सांगतेय, की जा बाबा. खरी जोडी पाठीला पाठ लावून, शेपटीला शेपूट जोडून बसते. उडावं लागलं तर एक उडतं आणि दुसरं लटकत जातं. त्यांना सोडवायला जाऊ नका.

फुलझाडं लावली, अळीचं झाड लावलंच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. फुलावर फुलपाखरू येतं आणि पिऊन जातं. मादी रेंगाळते ती अळीच्या खाण्याच्या झाडाशी. ती पानावर उतरून पुढच्या पायांनी टकटक करते. त्या पायांवर चव कळते. पान पसंत पडलं तर पोट वाकवून अंडं ठेवते, नाहीतर पुढं जाते. बागेत कुठल्या झाडाशी ही टकटक चाललीय हे दोन दिवस बघितलं तरी पुष्कळ कळतं.

लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन येतात. लिंबाच्या जातीच्या झाडांवर ब्लू मॉरमॉनही अंडी घालतं. 2015 साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ते हेच, आपली राणी पाकोळी. रुईवर प्लेन टायगर, बहावा आणि टाकळ्यावर एमिग्रंट, कण्हेरीवर क्रो, सीताफळावर आणि रांगेत लावतात त्या उंच आसुपालवावर टेल्ड जे. डॅनाइड एगफ्लायला तर कुंडीत उगवलेली घोळीची भाजीही पुरते. जागा असेल तर ईश्वरीचा वेल लावा. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ त्याच्यासाठी येतील.

आणि मग अळी दिसते. "औषध मारायचंच बघा, न्हाईतर झाड खाऊन टाकतंय," असं माळीकाका म्हणतात आणि आपण मान डोलावतो. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, मॉरमॉनची लहान अळी अगदी तशीच दिसते. मोठी झाली की ती हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. त्यानं माणसाला काही होत नाही. कढीपत्ता खाल्ला तरी पुन्हा फुटतो. झाड फारच लहान असेल तर अळ्या दुसऱ्या लिंबावर हलवा. कडुनिंबाचा अर्क मारणारेही सुटत नाहीत, तो अळ्यांवरच काम करतो. नर्सरीतून आणलेल्या झाडाला आधी फवारणी झालेली असू शकते. नवी पालवी येईपर्यंत त्यावरची अळी मेली तर नवल वाटून घेऊ नका.

पाण्याचं भांडं भरून ठेवणं

त्यात फुलपाखरू बुडेल. पाऊस संपल्यावर राधानगरीच्या वाटेवर ओढ्याकाठी ओल्या वाळूत दिसणाऱ्या घोळक्यात बहुतेक नर असतात. त्यांना मुख्यतः क्षार हवे असतात, विशेषतः सोडियम. ते मीलनाच्या वेळी मादीला आणि तिच्यामार्फत अंड्यांना मिळतात. याला चिखलपान म्हणतात. जवळ आडवं होऊन बघितलं तर ब्लूबॉटल किंवा 'जे' जातीचं फुलपाखरू सोंडेनं पाणी ओढत असतं आणि मागून थेंबामागून थेंब सोडत असतं. क्षार ठेवून घ्यायचे, पाणी टाकून द्यायचं.

घरी पसरट ताटलीत माती-वाळू घालून ओली ठेवा, चिमूटभर मीठ आणि थोडं शेणखत घाला, ताटली उन्हात ठेवा. दुसऱ्या ताटलीत जास्त पिकलेलं केळं आणि गूळ. गुळाला इथं तोटा नाही. नवाब, बॅरोनेट, इव्हनिंग ब्राऊन ही मंडळी फुलांपेक्षा अशा सडक्या गोडीला भुलतात. मुंग्या लागतात, म्हणून ताटली टांगून ठेवा.

कोषातून बाहेर यायला मदत करणं

करू नका, एवढंच सांगायचं होतं, पण तेवढ्यानं लोक थांबत नाहीत. बाहेर आल्याबरोबर पंख ओल्या छत्रीसारखे चुरगळलेले असतात. फुलपाखरू लटकून अंगातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं, पंख ताणले जातात आणि मग एक-दोन तास वाळतात. लटकायला जागाच मिळाली नाही तर पंख तसेच वाकडे वाळतात. खाली पडलं असेल तर खरबरीत काडी पुढं करा, ते स्वतः चढेल. सोंडसुद्धा तेव्हा दोन वेगळ्या भागांत असते. ती गुंडाळत-उलगडत ते दोन्ही भाग जोडून घेतं. मागून पडणारा लालसर थेंब रक्ताचा नसतो, कोषातला साठलेला मळ असतो.

कोष गडद होऊन आतले पंखांचे रंग दिसू लागले तर एखाद्या दिवसात फुलपाखरू येईल. कोषाला बारीक गोल भोक दिसलं तर आतून परजीवी माशी किंवा गांधीलमाशी निघून गेलीय. कोष नुसताच काळा, मऊ, ओलसर वाटला तर तो गेलेला आहे.

जमिनीवर पडलेलं फुलपाखरू उचलायच्या आधी वेळ आणि पंख बघा. सकाळ असेल तर ते गारठलंय, उन्हातल्या पानावर ठेवा. भिजलेलं असेल तर वाळू द्या. पंख झिजून पारदर्शक झाले असतील तर वय झालंय. बहुतेकांचं उडतं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचंच असतं. कापसावर साखरेचं पातळ पाणी ठेवता येईल, त्यापलीकडे काही करता येत नाही. उचलताना बोटांना लागते ती पावडर म्हणजे खवले. थोडे गेले म्हणून ते मरत नाही, पण ते पुन्हा येतही नाहीत.

एकच जात दोन समजणं

इव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके घेऊन येतं. कोरड्या ऋतूत ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि ते हुबेहूब वाळकं पान दिसतं. त्याची अळी भातावर आणि गवतावर वाढते. ते संध्याकाळी दिव्याजवळही येतं, म्हणून त्याला पतंग म्हणू नका. मिशा बघा, टोकाशी जाड असतील तर फुलपाखरू.

खुळखुळ्याच्या झुडपाच्या वाळक्या शेंगांवर टायगर आणि क्रो नरांची गर्दी दिसली तर ते मध पीत नसतात. वाळल्या भागातून ते काही अल्कलॉइड, म्हणजे झाडातली रसायनं, शोषून घेतात आणि त्यातून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. म्हणजे बागेत खुळखुळा लावला असेल तर फुलं संपल्यावर तो उपटून टाकू नका, वाळू द्या. आणि राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात जाळी घेऊन जाऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथं पकडापकडी चालत नाही.