गावखडी–कशेळी सायकल फेरी: ‘सोपी आहे’ म्हणून होणाऱ्या या चुका टाळा

रत्नागिरीहून पावसमार्गे पूर्णगडला आलं की मुचकुंदी नदीचा पूल लागतो. माचाळच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे समुद्राला मिळते. पूल ओलांडला की गावखडी आणि तिथून दहाएक किलोमीटरवर कशेळी. डांबरी रस्ता, सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची) मातीची वाट, समुद्रावरचा देवघळीचा कडा आणि परतताना खाडीकाठ असं सगळं जोडून मी जी फेरी घेतो ती पंचवीसेक किलोमीटरची होते. एमटीबी (माउंटन बाइक) नुकतीच घेतलेल्यांनाही ती जमते, म्हणून मी सगळ्यांना हीच सांगतो. पण सोपी म्हटली की लोक तयारी न करता येतात आणि दमून, पंक्चर घेऊन, उन्हानं डोकं धरून परत जातात. रस्ता चांगला आहे, चुकतात त्या वेळ आणि दिशा.

पुलाजवळ गाडी लावणे

रत्नागिरीकडून येणारे बहुतेक जण पुलाजवळच गाडी लावतात आणि तिथूनच सायकलवर बसतात. ते ठिकाण आधी लागतं, एवढंच त्याचं कारण. मग सकाळच्या शांत हवेत दक्षिणेकडे कशेळीला मजेत पोहोचतात, देवळात बसतात, फोटो काढतात आणि अकराच्या सुमारास उत्तरेकडे निघतात. नेमका तेव्हाच खारा वारा उठलेला असतो. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो आणि अगदी हलका असतो. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो, आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तो बराचसा वायव्येचा असतो. म्हणजे परतीला बरोबर तोंडावर. उघड्या सड्यावर त्याला अडवायला एक झाड नाही. सपाट रस्त्यावरही चढाचा गिअर टाकावा लागतो.

उपाय साधा आहे: दहा किलोमीटर पुढे जाऊन गाडी कशेळीत लावा. तिथल्या सूर्यमंदिरात कनकादित्याला नमस्कार करून उजाडताच निघा, देवघळी आणि सडा आधी घ्या, गावखडीला उतरा, मग खाडीकाठानं आत जाऊन पुन्हा चढून कशेळीत या. वारा सुटला तरी पाठीवर राहतो. शेवटचा चढ थोडा अंगावर येतो, पण पाठीवरच्या वाऱ्यात चढणं आणि तोंडावरच्या वाऱ्यात सपाटीवर रखडणं यांत मी केव्हाही चढ घेईन. काही झालं तरी दहाच्या आत फेरी संपवायची.

हवा: एक तर दगडासारखी, नाही तर लोळागोळा

दुकानातून सायकल घरी येते तेव्हा टायर कडक फुगवलेले असतात. डांबरावर ते चालतं. सड्यावर जांभ्याचा बारीक, गोल खडा पसरलेला असतो. त्यावर कडक टायर गोट्यांवरून घसरावा तसा घसरतो, विशेषतः वळणावर पुढचा ब्रेक दाबला की. म्हणून कोणीतरी सांगतं, हवा काढ. मग माणूस भरमसाट काढतो.

मीही काढली होती. कातळात एक बोटभर उंचीची पायरी होती, मागचं चाक तिच्यावर आपटलं आणि रिमचा ‘टक्’ आवाज आला. पन्नास मीटरवर टायर बसला. ट्यूब काढून गालाशी धरून फिरवली तर हवेची झुळूक दोन जागी लागली. दोन छिद्रं, एकमेकांशेजारी, मध्ये बोटाएवढं अंतर. अशी जोडछिद्रं दिसली की काटा शोधत बसू नका. रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली गेली आहे, म्हणजे हवा कमी होती. पॅच दोन्ही छिद्रांवर लावा. एकच लावून चाक चढवलं की पाच मिनिटांत पुन्हा तेच काम करावं लागतं. छिद्र एकच असेल तर मात्र टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. करवंदाचा काटा आत अडकून राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो.

सत्तरेक किलोच्या माणसानं, ट्यूब असलेल्या रुंद टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावं. वजन जास्त असेल तर थोडं वर.

नकाशावरची रेघ म्हणजे रस्ता नव्हे

फोनवरचा नकाशा सड्यावरून वाडीत उतरणारी बारीक वाट दाखवतो आणि ‘दोन किलोमीटर वाचतील’ असं वाटतं. कोकणात अशी वाट बऱ्याचदा पाखाडी असते. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), वरून आंब्या-फणसाची सावली. चालायला फार सुंदर, सायकलला अशक्य. एकदा एका अंगणात धान्य निवडत बसलेल्या आजींनी मला हाक मारून थांबवलं: “बाळा, पुढं पाखाडी आहे. सायकल खांद्यावर घ्यावी लागेल.” तेव्हापासून वाडी दिसली की मी उतरून विचारतो. विचारताना “रस्ता आहे का” असं विचारू नये, उत्तर नेहमी “आहे” येतं. “टू-व्हीलर जाते का” असं विचारावं.

बागेचं बेडं (कुंपणाचं फाटक) उघडून आत शिरणं हीही अशीच चूक. आंब्याच्या हंगामात बागेत राखणदार आणि कुत्री असतात, आणि ती बाग कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईची असते.

कड्याच्या टोकाशी सायकल उभी करणे

देवघळीला समुद्र खाली घुसळत असतो आणि फोटोसाठी सायकल अगदी काठाशी नेण्याचा मोह होतो. कृपा करून नेऊ नका. जांभ्याचं वरचं कवच कठीण असतं, खालचा थर मऊ मातीचा. लाटा आणि पावसाचं पाणी खालचा थर कोरत राहतं आणि वरचा कातळ छज्जासारखा पुढे लोंबकळतो. वर उभं राहिलं की पायाखाली पोकळी आहे हे कळतच नाही. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या जमिनीकडच्या बाजूलाच राहा. भेग दिसत नसेल तरी चार-पाच मीटर अंतर ठेवून सायकल हातात धरून चाला.

कातळावर कुठेही सायकल घालणे

हे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे. कशेळीच्या सड्यावर कातळशिल्प आहे. जमिनीत कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या आत लहान-मोठे कितीतरी प्राणी. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 साली कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यांत कशेळी आहे. पण हत्ती डोळ्यांसमोर उभा राहत नाही, तो पायाखाली असतो. रेषा उथळ, कडेला गवत, कोवळ्या उन्हात सावली तिरकी पडली तरच नीट उठून दिसतात. ऊन वर आलं की सगळा कातळ एकसारखा. चाकानं उडालेला खडा त्या रेषांवर घासला जातो, आणि त्या पुन्हा कोणी कोरून देणार नाही. मळलेली वाट सोडू नका. शिल्प पाहायचं तर सायकल वाटेवर आडवी ठेवा आणि चालत जा.

पावसाळ्यात तर कातळावर सायकल नकोच. काळसर शेवाळ दिसत नाही, पण चाक क्षणात निसटतं.

भरती न पाहता खाडीकाठी उतरणे

खाडीकाठची वाट काही ठिकाणी बांधाजवळून, खालून जाते. उधाणाला तिथे पाणी येतं आणि ओसरलं की चिकट, खारा चिखल उरतो. कोळ्यांचं जुनं गणित पाठ करून ठेवा: तिथीला 3 नं गुणायचं, 4 नं भागायचं, आलेल्या तासाला पूर्ण भरती. अष्टमीला 6 वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे. म्हणजे उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी सकाळी पाणी चढतं असतं. खाडीकाठ नऊच्या आत उरकायचा किंवा त्या दिवशी डांबरी रस्त्यानंच परतायचं.

गावखडीच्या पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत), सुरूच्या बनापलीकडे, सायकल घालू नका. तिथे नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकोरी खोल पडली की समुद्राकडे निघालेलं पिल्लू तिच्यात अडकतं.

घरी आल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवणे

लाल धूळ आणि खारी हवा एकत्र आली की एका रात्रीत साखळी तांबूस होते. बादलीभर गोड्या पाण्यानं, मऊ फडक्यानं धुवा. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. साखळी पूर्ण कोरडी झाली की प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पेडल उलटं फिरवत, आणि वरचं तेल पुसून टाकायचं. ओली ठेवलेली साखळी धूळ पकडते. डिस्क ब्रेक असतील तर तेल लावताना रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) कापड टाका. तेलाचा एक शिंतोडा उडाला की पॅड किंचाळतात, आणि पुढच्या खेपेला गावखडीच्या उतारावर ब्रेक धरत नाहीत.