आरसी बुक हरवलं किंवा पुरात भिजलं तर डुप्लिकेट कसं काढायचं

2019 च्या पुरात आमच्या सांगलीतल्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि कॉटखाली पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला. त्यात वडिलांच्या स्प्लेंडरचं आरसी बुक पण होतं, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, आरटीओचा शिक्का म्हणजे नुसता निळा डाग. आई ते उन्हात वाळवायला घेऊन बसली होती. तेव्हा डुप्लिकेटसाठी जी धावपळ केली त्यातून कळलेलं सगळं इथं लिहितोय, कुणाचा तरी हेलपाटा वाचेल.

पहिलं म्हणजे घाबरू नका. गाडीची खरी नोंद आरटीओकडे असते, तुमच्याकडचं बुक किंवा कार्ड हा त्या नोंदीचा दाखला आहे. त्यामुळं कागद शोधत बसण्याआधी परिवहनच्या साईटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून नोंद बघा, मालक कोण दिसतोय, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, पासिंगची 15 वर्षं संपलीत का. जुन्या बुकवाल्या गाडीची नोंद कधी कधी ऑनलाइन सापडतच नाही, मग आधी आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढंच सरकत नाही.

आता भिजलेलं, फाटलेलं बुक असेल तर ते कृपा करून टाकून देऊ नका. जेवढं उरलंय तेवढं अर्जासोबत जमा करायचं असतं. हरवलं असेल किंवा पार नष्ट झालं असेल तर पोलिसात लेखी कळवावं लागतं, ते पण जिथं हरवलं त्या हद्दीतल्या ठाण्यात, म्हणजे राहता मिरजेत आणि पाकीट पडलं कराडच्या स्टँडवर तर दाखला कराडचा. आणि एक कळकळीनं सांगतो, बुक बँकेत किंवा फायनान्सकडं अडकलं असेल, नाहीतर पोलिसांनी जप्त केलं असेल तर "हरवलं" म्हणून तक्रार देऊ नका. एखादा एजंट सहज सुचवतो, पण फॉर्मवर सही तुमची असते आणि खोटं लिहून दिल्याचं निस्तरावं पण तुम्हालाच लागतं.

अर्ज फॉर्म 26 वर. साईटवर गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे 5 आकडे टाकले की ओटीपी येतो, तो नोंदीतल्या मोबाईलवरच येतो, म्हणून जुनं सिम बंद असेल तर आधी मोबाईल नंबर अपडेट करा. सोबत पोलिसांचा दाखला, इन्शुरन्स, पीयूसी, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. फी टू-व्हीलरला 150, चारचाकीला 300, आणि स्मार्ट कार्डाचे 200 वेगळे, टपालखर्च वरून. ई-चलान थकलं असेल तर आधी भरून टाका. कर्ज चालू असेल तर फॉर्मवर फायनान्सवाल्याची सही लागते, कर्ज फिटलं असेल तर एनओसी आणि फॉर्म 35 देऊन एचपी, म्हणजे नोंदीवरचा कर्जाचा बोजा, उतरवून घ्या.

चेसिस प्रिंट, म्हणजे चेसिस नंबरचा कागदावर घेतलेला ठसा, मागितली तर स्प्लेंडरचा नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो. आधी रॉकेलचा बोळा फिरवून ग्रीस आणि चिखल काढा, पातळ कागद घट्ट धरा आणि शिसपेन्सिल आडवी हलक्या हातानं घासा. दाब दिला की कागद फाटतो, आमचे दोन फाटले, तिसऱ्यावर आकडे उमटले.

सगळ्यात अवघड केस म्हणजे जुनी गाडी घेतली, पैसे दिले, पण नावावर केलीच नाही आणि आता बुक गेलं. डुप्लिकेट नोंदीतल्या मालकालाच मिळतं, तुमच्याकडं किती पण पावत्या असू देत. त्याला गाठून डुप्लिकेटचा अर्ज त्याच्या सहीनं आणि लगेच टीटी फॉर्म, म्हणजे गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, यांवर पण सह्या घ्या, दोन्ही कामं एकदमच उरकून घ्या. गाडी एमएच 12 पासिंगची असेल आणि शेवटची नोंद पुण्यालाच असेल तर डुप्लिकेट पण पुण्याचंच आरटीओ देणार, सांगलीचं एमएच 10 नाही. मालक वारला असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती घेऊन फॉर्म 31 भरायचा, मृत्यूनंतर 3 महिन्यांच्या आत भरलेला बरा.

कार्ड येईपर्यंत रस्त्यावर अडचण नको म्हणून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी दाखवा, 2018 च्या नियमबदलापासून ती चालते, फक्त डिजिलॉकरला आधारवरचं आणि आरसीवरचं नाव जुळावं लागतं.

कार्ड पोस्टानं नोंदीतल्या पत्त्यावर येतं, घर बदललं असेल तर पत्ता आधी बदलून घ्या, नाहीतर ते परत जातं. आणि हातात आलं की पाकीट फोडून तिथंच चेसिस आणि इंजिन नंबर एकेक आकडा गाडीवरच्या नंबराशी जुळवून बघा, एक जरी आकडा वेगळा दिसला तर लगेच आरटीओला लेखी द्या, गाडी विकताना हीच चूक आडवी येते.