नांगर सोडलात, पण त्याचं काम कोण करणार? कमी खर्चाच्या भातशेतीत या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या पट्ट्यात बिननांगरणीचं भात, युरिया-डीएपी खताच्या गोळ्या, गिरिपुष्प या झाडाचा पाला खत म्हणून, राब न भाजता (म्हणजे रोपांच्या जागेवर शेण-पाला न जाळता) केलेली रोपं हे सगळं कुणी ना कुणी करून पाहिलं आहे. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी एका हंगामात सोडूनही दिलं आहे. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आपल्याकडे नाही चालत ते.’

बहुतेक वेळा दोष पद्धतीचा नसतो. चिखलणी (पाण्यात माती नांगरून चिखल करणं), राब, खाचरातलं उभं पाणी ही कामं आपल्या आज्या-पणज्यांनी हौस म्हणून अंगाला लावून घेतली नव्हती. चिखलणीने तण गाडलं जातं आणि पाणी धरून राहतं. राब भाजला की तणाचं बी मरतं, वर राख मिळते. यातलं एखादं काम वगळायचं तर ते जे करत होतं ते आता कोण करणार, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता नुसतं काम वगळलं की मजुरी वाचते आणि भातही जातं.

बिननांगरणी म्हणजे बिनकष्टाची नव्हे

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी, आपल्या भागात सगळ्यात जास्त ऐकलं जातं. एकदाच गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटरवर भोकं पाडून दर भोकात तीन-चार दाणे टाकायचे, नंतर नांगर नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. ऐकायला इतकं सोपं वाटतं की लोक पहिल्याच वर्षी सगळं शेत त्याखाली आणतात. तसं करू नका. आधी एक-दोन खाचरं घ्या, आणि तीही पाणी निचरणारी. जिथे जूनच्या शेवटी गुडघाभर पाणी तुंबतं अशा खोलगट खाचरात टोकलेलं बी उगवायच्या आधीच कुजतं. तिथे लावणीच बरी.

खरी गोची तणाची. चिखल नाही, सुरुवातीला उभं पाणी नाही, त्यामुळे तण आणि भात एकाच दिवशी डोकं वर काढतात. उगवणीपूर्वीचं तणनाशक पेरणीनंतर लगेच, तण उगवायच्या आत आणि ओल्या जमिनीवर मारावं लागतं. ठाणे-डोंबिवलीत नोकरी करून रविवारी गावच्या शेतावर येणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. पेरणी एका रविवारी, फवारणी पुढच्या. तोवर औषधाची वेळ निघून गेलेली असते. पेरणीच्या दुसऱ्या दिवसाची रजा मिळत नसेल तर ही पद्धत त्या वर्षी धरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

फवारताना आणखी दोन गोष्टी बिघडतात. किडीच्या औषधाला वापरतो तो गोल फवारा देणारा नोझल तणनाशकाला चालत नाही, पट्टा पाडणारा चपटा नोझल लावा. आणि मारत मारत मागे सरकत या. पुढे चालत गेलात तर मातीवर बसलेला औषधाचा थर तुमच्याच पायांनी फुटतो. मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणेच घ्या, शेजाऱ्याच्या अंदाजाने नको.

कापणीनंतर फुटवे आणि तण मारायला ग्लायफोसेट हे तणनाशक वापरायची सवय पडली आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत (कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या व्यावसायिकांमार्फत) करण्याचा आदेश काढला होता. त्यामुळे दुकानदार देतो म्हणून घेऊ नका, आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

बियाण्याचं एक राहिलं. दर भोकात दाणे पडले म्हणजे सगळीकडे उगवेलच असं नाही. उंदीर, मुंग्या, चिमण्या आपला वाटा घेतात. कोपऱ्यात थोडं रोप वेगळं टाकून ठेवा, म्हणजे नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरता येतील.

भात पिवळं पडलं की युरिया टाकायची घाई

वाफ्यावरचं भात जुलैत पिवळं पडतं आणि लोक युरियाची गोण फोडतात. थांबा, आधी पान बघा. जुनं, खालचं पान पिवळं असेल तर नत्र कमी पडतंय. पण कोवळं, वरचं पान शिरांच्या मधून फिकट, पांढरट होत असेल तर ती लोहाची कमतरता आहे. चिखलात हवा नसते, म्हणून तिथलं लोह पिकाला घेता येईल अशा रूपात येतं. हवेशीर वाफ्यात जमिनीत लोह असूनही ते मुळांच्या हाती लागत नाही. अशा वेळी युरिया कितीही टाका, पान हिरवं होणार नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं लिंबू पिळून, उघडीप पाहून फवारा. गरज वाटली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

राब थांबवलात, मग रोपवाटिकेत तण कशाने जाईल?

राबासाठी शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या जाळतो. शेण आणि पाला शेतात कुजवले तर जास्त कामाचे, यात वाद नाही. पण राब थांबवून त्याच सपाट जागेत बी फोकलं, म्हणजे हाताने विखुरलं, तर रोपापेक्षा तण जोमात येतं. मे महिन्याच्या उन्हात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक दोन-तीन आठवडे अंथरा, कडा मातीने घट्ट दाबा. तणाचं बरंच बी तापून मरतं. मग मीटरभर रुंदीचा गादीवाफा करून भाताच्या तुसाची काळसर राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळा. वरून नुसती भुरभुरली तर पहिल्याच सरीत ती ओढ्याला जाते.

मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया सगळ्यांना माहीत आहे: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगणारं बी काढून टाकायचं. पण त्यानंतर बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं असतं, ते विसरलं जातं आणि उगवण घटते.

गोळी खताची, पद्धत फोकण्याची

चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतली युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, ही आपल्या पावसासाठी नेमकी गोष्ट आहे. जुलैच्या एका झोडपणीत फोकलेला युरिया बांधावरून वाहून जातो, गोळी चिखलात पुरलेली असल्यामुळे तिथेच हळूहळू विरघळते. मात्र ती पुरायलाच हवी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. बोटाच्या पेराएवढी ढकलून पुढे जाणारे मजूर मी पाहिलेत, मग फोकणीत आणि त्यात फरक तो काय?

लावणी वेडीवाकडी असेल तर गोळ्यांचा हिशेबच लागत नाही. दोऱ्यावर १५ आणि २५ सेंटिमीटरची खूण आलटून पालटून करा, चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) १५ बाय १५ च्या चौकटीत मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. लावणीच्याच दिवशी पुरा, दोन-तीन दिवसांनी चिखल बसला की हात आत जात नाही. गोळ्या आदल्या वर्षी घेऊन ओल्या पडवीत ठेवल्या तर त्यांचा लगदा होतो. आणि गोळी दिलेल्या भातावर ‘थोडा तरी’ युरिया टाकायचा मोह आवरा, नाहीतर भात माजतं, लोळतं, किडीला आमंत्रण मिळतं.

गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला ३० किलो, लावणीच्या आठवडाभर आधी. फांद्यांसकट पसरा, पानं गळली की काड्या उचलून चुलीला न्या. काड्या आत राहिल्या तर आवणीला (लावणीला) उतरलेल्या बायांचे पाय फाडतात, आणि पुढच्या वर्षी त्या तुमच्या शेतात यायला तयार होत नाहीत.

उन्हाळी भाताचं पाणी

पावसाळ्यात पाणी वाचवायचा प्रश्न आपल्याकडे फारसा नाही. कालव्याच्या नाहीतर नदीच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांनी मात्र ओलं-सुकं आलटून पालटून ठेवायची पद्धत जरूर करावी. ३० सेंटिमीटरचा पीव्हीसी पाईप, खालच्या २० सेंटिमीटरला भोकं पाडून तेवढाच जमिनीत गाडायचा आणि आतली माती काढायची. पाईपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेलं की पुढची पाळी. पाईप बांधाला लागून पुरला तर खेकड्यांच्या बिळातून पाझरणारं पाणीच मोजलं जातं, म्हणून चार-पाच पावलं आत या. लावणीनंतर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्यात जमीन सुकू द्यायची नाही. मोठ्या भेगा पडू दिल्यात तर पुढची पाळी त्या भेगांतूनच खाली जाते.

खाडीकाठच्या खारजमिनीत हा प्रयोग नकोच. जमीन सुकली की खालचं मीठ वर चढतं. तिथे पावसाच्या पाण्याने मीठ धुवून काढणं आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती हाच रस्ता.

भातानंतर काय?

पंजाब-हरियाणाचे व्हिडिओ पाहून भाताच्या धसकटात थेट गहू पेरायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. तिथे तण टाळण्यासाठी आणि वेळ वाचवण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे, कारण थंडी लांब चालते. ठाण्याची थंडी तेवढी पुरत नाही, आणि गव्हाला पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळं फुटताना पाणी लागतंच. विहीर असेल तर घरापुरता गहू करा. बाकीच्यांनी हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात, कर्जत-३ सारखं, घ्यावं आणि कापणी झाली की ओल उडायच्या आत, नांगर न घालता वाल किंवा हरभरा टोकावा.

पण वाल लावून तो खायला मिळेल का, हे तंत्रावर ठरत नाही. दिवाळीनंतर गुरं मोकळी सुटतात आणि एकट्या हिरव्या खाचरावर सगळी तुटून पडतात. काटेरी कुंपण एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून एकट्याने लावू नका. लागून असलेली पाच-सहा खाचरं मिळून एकाच आठवड्यात टोका, राखणीचे दिवस वाटून घ्या, आणि गुराख्याशी बोलणं दसऱ्याच्या आतच करा. कापणी झाल्यावर गेलात तर गुरं आधीच रानात उतरलेली असतात.