चरित्रलेखनाचे संपादन मुलांना कसे शिकवावे

पहिला खर्डा एक ओळ सोडून लिहून घ्यावा आणि एक रात्र तरी वही मिटलेली राहू द्यावी.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपला मजकूर मोठ्याने वाचावा, अडखळलेल्या जागी खूण करावी आणि मजकुरातील प्रत्येक साल समासात उतरवावे. सावित्रीबाई फुले यांच्यावर लिहिताना दर वर्षी कोणीतरी १८९७ च्या प्लेगमध्ये जोतीरावांनाही रुग्णसेवेला पाठवतो. जोतीरावांचे निधन १८९० मध्ये झाल्याचे त्यानेच वरच्या परिच्छेदात लिहिलेले असते. ही चूक शिक्षकाने दाखवू नये, कारण साले एकाखाली एक आली की ती मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते.

खरी अवघड पायरी वह्यांच्या अदलाबदलीची. ‘एकमेकांच्या वह्या तपासा’ एवढी सूचना पुरते, असे सांगणाऱ्यांनी हा तास कधी घेतला असेल, असे मला वाटत नाही. सुरुवातीला मीही तेच केले. निम्म्या वह्यांवर ‘छान’ हा शेरा आला, उरलेल्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या झाल्या आणि आशयाकडे कोणी फिरकलेही नाही. एका मुलीने आजीचे चरित्र लिहिले होते. त्यातील ‘साळंची पायरी म्या कदी चढलीच न्हाई’ हे आजीचे वाक्य शेजारच्या मुलाने खोडून प्रमाण मराठीत लिहिले आणि मी त्याला शाबासकी दिली. त्या लेखातले सर्वांत जिवंत वाक्य माझ्या संमतीने गेले.

तेव्हापासून तपासणाऱ्याच्या हाती मी पेन देत नाही. त्याने शिसपेन्सिलीने समासात फक्त प्रश्न लिहायचे, तेही तीनच प्रकारचे: हे तुला कशावरून कळले? नेमके काय घडले? हे आधी की नंतर? ‘त्या अतिशय धाडसी होत्या’ या वाक्यासमोर दुसरा प्रश्न आला की अंगावर पडणारे शेण आणि चिखल सोसत सावित्रीबाई शाळेत शिकवायला जात असत, हे लिहावेच लागते, आणि ते लिहिल्यावर ‘अतिशय धाडसी’ हे शब्द लेखक आपणहून खोडतो. प्रश्न मान्य नसेल तर मजकूर आहे तसा ठेवण्याची लेखकाला मुभा असावी, मात्र त्याने कारण समासात लिहावे. पुष्कळदा ते कारणच मूळ वाक्यापेक्षा चांगले उतरते. जिवलग मैत्रीच्या जोड्या मात्र निर्दयपणे फोडाव्यात. आणि पहिल्या खेपेस स्वतःचाच एखादा ढिसाळ परिच्छेद फळ्यावर लिहून वर्गाच्या हवाली करावा. गुरुजींना प्रश्न विचारताना मुलांना जो आनंद होतो, त्याची थोडी तयारी ठेवावी.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी घ्यावे. त्याला एक तास पुरतो, आणि आजीचे वाक्य त्यातून वगळावे.