माजी राष्ट्राध्यक्षाने पुन्हा उभे राहावे काय? वाचनालयात ही चर्चा कशी घडवावी

सांगली जिल्ह्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चर्चासभा होते. ज्याच्या नावाने लोकांत सरळ दोन तट पडतात अशा माजी नेत्याने देशाच्या सर्वोच्च पदासाठी पुन्हा उभे राहावे काय, हा विषय आम्ही अमेरिकेच्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या निमित्ताने आजवर दोनदा घेतला. पहिल्यांदा तो फसला. पंधरा मिनिटांत अमेरिका बाजूला पडली, साखर कारखान्याच्या निवडणुकीतील दोन पॅनेले समोरासमोर आली आणि शेजारी राहणारे दोन सभासद एकमेकांशी न बोलता घरी गेले. दुसऱ्यांदा नीट तयारी करून हा विषय घेतला, तेव्हा तीच माणसे रात्री साडेनऊपर्यंत बसून राहिली. ज्या वाचनालयांना किंवा महाविद्यालयांना असा विषय घ्यावयाचा असेल, त्यांच्यासाठी त्या तयारीची माहिती येथे देत आहे.

सभेची वेळ डेअरीला दूध घालून झाल्यानंतरची, म्हणजे साडेसातच्या पुढची ठेवावी. शेतीपंपांना रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात सभा घेऊ नये, कारण निम्मी माणसे पाणी पाजायला रानात असतात. पंचवीस ते तीस माणसे पुरेशी होतात.

कोणती खुर्ची, हे आधी फळ्यावर लिहा

मराठीत 'अध्यक्ष' हा शब्द कारखान्यालाही चालतो, वाचनालयालाही चालतो आणि अमेरिकेलाही चालतो. त्यामुळे बोलणारा एका खुर्चीविषयी बोलतो आणि ऐकणारा दुसऱ्याच खुर्चीचा विचार करतो. म्हणून सुरुवातीलाच फळ्याचे दोन भाग करून एकीकडे 'भारताचे राष्ट्रपती' आणि दुसरीकडे 'अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष' असे लिहावे आणि दोन्ही पदांतील फरक पाच मिनिटांत सांगावा. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष स्वतःच कार्यकारी प्रमुख आणि सेनादलांचे सरसेनापती असतात. आपल्याकडे सामान्य मतदार राष्ट्रपतींसाठी मत देत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य ते देतात, आणि 1971 च्या जनगणनेच्या आधारे महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य 175 येते. सांगली जिल्ह्यात विधानसभेचे 8 मतदारसंघ आहेत, म्हणजे सगळ्या जिल्ह्याचे मिळून मूल्य 1,400 झाले. हा हिशेब फळ्यावर मांडला की मागे बसलेली माणसेही मान वर करतात. अमेरिकेत 538 निर्वाचकांपैकी किमान 270 जणांची मते लागतात आणि ते निर्वाचक राज्याराज्यांतील मतदानातून ठरतात. ज्या पदाच्या हाती प्रत्यक्ष सत्ता आहे, तेथे दुफळी माजवणाऱ्या माणसाचा प्रश्न अधिक जड होतो, हे सभेला या फरकावरूनच समजते.

प्रश्नाचे तीन तुकडे करा

'उभे राहावे काय' या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले असतात आणि बहुतेक भांडणे त्या मिसळीतून होतात. त्याला कायद्याने उभे राहता येते काय, हा पहिला प्रश्न. पक्षाने त्याला उमेदवारी द्यावी काय, हा दुसरा. आणि त्याने स्वतः, आपल्या मनाशी विचार करून, उभे राहावे काय, हा तिसरा. सूत्रसंचालकाने प्रत्येक वक्त्याला 'आपण कोणत्या प्रश्नावर बोलत आहात' असे विचारावे आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे बोलू देऊ नये. हे कठोर वाटेल, पण आमच्या दुसऱ्या सभेत सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

पहिला प्रश्न अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांकडे सोपवावा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले कलमे तोंडपाठ म्हणतात. राष्ट्रपतिपदासाठी कलम 58 नुसार भारताचे नागरिकत्व, वयाची 35 वर्षे पूर्ण आणि लोकसभेचा सदस्य होण्याची पात्रता लागते. कलम 57 नुसार पूर्वी ते पद भूषवलेल्या व्यक्तीला पुन्हा उभे राहता येते. अर्जावर 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात. अमेरिकेत जन्मतः नागरिकत्व, 35 वर्षे वय आणि 14 वर्षांचे वास्तव्य या अटी आहेत, आणि 1951 पासून लागू झालेल्या 22 व्या घटनादुरुस्तीने कोणालाही दोनदाच निवडून येता येते. गुन्हेगारी खटल्यात दोषी ठरलेल्याला तेथील घटना थेट अडवत नाही. 1920 मध्ये समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी तुरुंगात असताना ही निवडणूक लढवली आणि त्यांना नऊ लाखांहून अधिक मते मिळाली. मात्र 14 व्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमात, घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्यांना पदास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. त्याच आधारावर कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना मतपत्रिकेवरून दूर केले आणि 4 मार्च 2024 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्रीय पदाच्या बाबतीत हे कलम राज्यांना लागू करता येणार नाही असे सांगून, तो निकाल एकमताने रद्द केला.

येथे विद्यार्थ्यांना थांबवावे लागते. 'न्यायालयाने परवानगी दिली, म्हणजे विषय संपला' असे ते म्हणू लागतात. वास्तविक येथे फक्त पहिला प्रश्न संपतो.

कायद्याचा बांध किती उंच असावा, यावर बोलायचे असेल तर ब्राझीलचे उदाहरण घ्यावे. दोषी ठरलेल्यांना निवडणुकीपासून दूर ठेवणाऱ्या 2010 च्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लुला यांनीच स्वाक्षरी केली होती. 2018 मध्ये ते स्वतः तुरुंगात असताना त्याच कायद्याने त्यांची उमेदवारी गेली. 580 दिवस कैदेत काढल्यावर ते बाहेर आले, 2021 मध्ये त्यांच्यावरील शिक्षा रद्द झाल्या आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ते 50.9 टक्के मते घेऊन पुन्हा निवडून आले. त्यांनी ज्यांचा पराभव केला त्या बोल्सोनारो यांना 2023 मध्ये निवडणूक न्यायालयाने 2030 पर्यंत अपात्र ठरवले. एकाच देशातील ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की, नेत्याला कायद्याने अडवण्याचा उत्साह असणारेही थोडे सावध होतात आणि कायद्याने मुळीच अडवू नये म्हणणारेही.

घड्याळ मागे न्या

निकाल माहीत असला की न्यायबुद्धी झोपते. जिंकला म्हणजे उभा राहिला ते बरोबरच होते, हरला म्हणजे हट्ट होता, असे आपण सहज बोलून जातो. म्हणून प्रत्येक उदाहरणासाठी एक तारीख ठरवावी आणि त्या दिवसानंतरचे काहीही बोलण्यास मनाई करावी. ट्रम्प यांच्यासाठी आम्ही नोव्हेंबर 2022 हा महिना घेतला, कारण तेव्हा त्यांनी उमेदवारी जाहीर केली. त्या दिवशी माहीत असलेल्या गोष्टी एवढ्या होत्या: 2020 ची निवडणूक ते 306 विरुद्ध 232 अशी हरले होते, तो निकाल त्यांनी मान्य केला नव्हता आणि त्याविरुद्धचे दावे न्यायालयांत टिकले नव्हते, 6 जानेवारी 2021 रोजी त्यांचे समर्थक संसदभवनात घुसले होते, दुसऱ्या महाभियोगात सिनेटमध्ये 57 जण त्यांच्या विरोधात आणि 43 जण बाजूने गेले होते, आणि दोन तृतीयांश बहुमत न झाल्याने ते दोषमुक्त झाले होते, आणि 2020 मध्ये त्यांना सात कोटींहून अधिक मते मिळाली होती. मे 2024 मधील 34 आरोपांवरील दोषसिद्धी आणि नोव्हेंबर 2024 मधील विजय या दोन्ही गोष्टी आमच्या सभेत दाराबाहेर ठेवल्या होत्या. दोन्ही बाजूंना हा नियम सारखाच जाचला, म्हणून तो चालला.

दुफळी कशावरून पडली, ते तपासा

'दुफळी माजवणारा' हे विशेषण कोणावरही चिकटवता येते, आणि ते कायमचे नसते. याला सातारा-सांगलीच्या माणसाला जवळचे असे एक उदाहरण आहे. 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली आणि देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या, कऱ्हाडला आपले घर मानणाऱ्या यशवंतराव चव्हाणांनी त्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने मत दिले. पुढे इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याची हाक दिली, अपक्ष उमेदवार व्ही. व्ही. गिरी यांना दुसऱ्या पसंतीची मते धरून 4,20,077 मूल्याची मते पडली, रेड्डींना 4,05,427 पडली, आणि त्याच वर्षी पक्ष फुटला. तिसऱ्या क्रमांकावर चिंतामणराव देशमुख होते. म्हणजे ज्यांच्या उमेदवारीवरून एवढा मोठा पक्ष दुभंगला, ते रेड्डी अनंतपूरला शेती पाहण्यास परतले, 1977 मध्ये लोकसभेवर आले आणि त्याच वर्षी राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले. दुफळी त्यांच्या वागण्यातून आली नव्हती. इतरांच्या झगड्यात त्यांचे नाव निशाणाला लागले होते. काही नेते मात्र रोज नवी फूट पाडूनच उभे राहतात, आणि ती फूट हाच त्यांचा आधार असतो. चर्चेत नाव येईल त्या नेत्याविषयी हा फरक आधी विचारावा.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची कसोटी याच्याही पुढची आहे: त्याने मागच्या वेळी खुर्ची कशी सोडली? खुर्चीवर असताना कोण कसा वागला यावर समर्थक आणि विरोधक कधीच एकमत होणार नाहीत, परंतु खुर्ची सोडण्याचा दिवस तारखेसह नोंदलेला असतो. ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना 1888 मध्ये देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक मते पडूनही निर्वाचकांच्या मोजणीत ते 168 विरुद्ध 233 असे हरले, आणि तरी ते पायउतार झाले. 1892 मध्ये ते पुन्हा उभे राहून जिंकले, तेव्हा त्यांच्या येण्यावर कोणी या कारणाने बोट ठेवू शकले नाही. इंदिरा गांधींचे पद पंतप्रधानाचे होते, तरी तुलना बोधक आहे. आणीबाणीचा दोष कितीही मोठा मानला, तरी मार्च 1977 मध्ये रायबरेलीत स्वतः पराभूत झाल्यावर त्यांनी सत्ता सोडली आणि 1980 मध्ये मतदारांसमोर जाऊन ती परत मिळवली. ज्याने मोजणी मान्य केली, त्याला पुन्हा मोजणीसमोर उभे राहण्याचा नैतिक अधिकार राहतो. ज्याने ती मान्य केली नाही, त्याने आधी त्या दिवसाचा हिशेब द्यावा आणि मग उमेदवारी मागावी, असे मी मानतो. आणि त्याच्या पक्षाने तो हिशेब घेतल्याशिवाय उमेदवारी देऊ नये. मतदारांचा निवडण्याचा हक्क हिरावून घेणे हे याहून वेगळे आहे. त्यासाठी मी कधीही हात वर करणार नाही. सूत्रसंचालकाने आपले असे मत असल्यास ते शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत स्वतःजवळ ठेवावे, कारण आमच्याकडे वयाचा मान राखून माणसे गप्प बसतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी आमच्या भागात वेगळी ओळख लागत नाही, कारण बंडखोरी आणि मतविभागणी हे शब्द येथे प्रत्येकाला ठाऊक आहेत. 1912 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्याच पक्षाच्या टाफ्ट यांच्या विरोधात नवा पक्ष काढून उभे राहिले. दोघांत मते वाटली गेली आणि वुड्रो विल्सन सुमारे 42 टक्के मतांवर 435 निर्वाचक घेऊन निवडून आले. याच्या समोर 2012 मधील ए. पी. जे. अब्दुल कलाम ठेवावेत. ते दुफळी माजवणारे नव्हते. तरीही त्यांच्या नावाचा आग्रह सुरू झाला आणि सर्वसहमती दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच उभे राहण्यास नकार दिला. आपल्या उभे राहण्याने कोणाचे काय होईल, हे उमेदवाराने स्वतःला विचारायचे असते, आणि महिला वाचकांनी आमच्या सभेत याच प्रश्नावर सर्वांत नेमके बोलणे केले.

प्रत्यक्ष सभा

दारातच प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यावी. तिच्यावर नाव न लिहिता 'हो', 'नाही' किंवा 'ठरलेले नाही' आणि एक ओळीचे कारण लिहून डब्यात टाकावे. नंतर वक्त्यांची बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवावी, म्हणजे ट्रम्प यांच्या कट्टर विरोधकालाही त्यांच्या समर्थकांचे सर्वांत बळकट म्हणणे मांडावे लागते. एका निवृत्त शिक्षकांना आमच्याकडे हे काम आले आणि ज्या सात कोटी लोकांनी मत दिले त्यांचे तोंड बंद करून दुफळी मिटते काय, असा प्रश्न त्यांनी इतक्या कळकळीने विचारला की सभा काही क्षण शांत झाली.

एक नियम मात्र अजिबात मोडू नये. पहिल्या तासात जिल्ह्यातील हयात पुढाऱ्याचे नाव कोणी घ्यायचे नाही. वसंतदादांचे सरकार 1978 मध्ये पडले आणि 1983 मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, ही आठवण येथे निघतेच. ती निघाली तर तारखांपुरती घ्यावी आणि पुढे जावे, कारण त्या आठवणीत आजही माणसे दुखावतात.

शेवटी दुसरी चिठ्ठी घ्यावी आणि दोन्ही डब्यांतील चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचाव्यात. 'हो'चे 'नाही' किती झाले, याला फारसे महत्त्व देऊ नये. कारणाच्या ओळी वाचाव्यात. आमच्या पहिल्या डब्यात 'तो वाईट आहे' आणि 'तो खमक्या आहे' अशा ओळी होत्या. दुसऱ्या डब्यात 'कायद्याने हो, पक्षाने नाही' अशी ओळ सात जणांनी लिहिली होती, आणि एकाने 'हरल्याचे कबूल केले असते तर हो' असे लिहिले होते. या ओळी ग्रंथपालांनी इतिवृत्ताच्या वहीत तशाच उतरवून घेतल्या आणि त्या सात जणांपैकी कोणी तयार असल्यास पुढील सभेत पक्षाने उमेदवारी कशी ठरवावी यावर त्याने बोलावे, अशी सूचना वहीत खाली लिहिली.