हातानं बोर्ड रंगवायचा असेल तर

बोर्ड बिघडतो तो रंगामुळं नाही, आखणीमुळं. शिकायला येणारी पोरं हे ऐकून मान डोलवतात आणि लगेच ब्रशला हात घालतात. म्हणून आधीच सांगून ठेवते, इथं निम्मी गोष्ट खडू, दोरा आणि रद्दी पेपरची आहे. डबा उघडायला वेळ आहे.

मी सांगलीत बोर्ड रंगवते. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे, गणपती पेठेतल्या किराणा-मसाल्याच्या दुकानांचे, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, लग्नघराच्या दारावरचा गणपती, जे येईल ते. धंदा वडिलांचा. मला शिडीवर बघूनसुद्धा लोक खालून विचारतात, ‘पेंटर कधी येणार आहेत?’ मी म्हणते, चहा घेऊन येतील.

पत्र्याचं थोडक्यात उरकते. साधा लोखंडी पत्रा असेल तर गंज पॉलिश पेपरनं घासून काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या, वाळला की बारीक पेपर मारून जमिनीच्या, म्हणजे अक्षरांमागच्या रंगाचे दोन हात. पांढरा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असेल तर मात्र थेट ऑइलपेंट लावू नका. तो धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. जस्ताच्या पत्र्याचा प्रायमर वेगळा मिळतो, दुकानदाराला तसं स्पष्ट सांगून मागा. पातळ करायला टर्पेंटाइन वापरा. गाड्यांच्या रंगाचा थिनर ऑइलपेंटच्या सुकलेल्या थरावर गेला तर तो थर सुरकुततो. आणि पहिला हात रात्रभर वाळू द्या. मालक कितीही मागं लागला तरी.

आता आखणी.

समजा आठ बाय तीनचा बोर्ड आहे. वरच्या ओळीत ‘हळद व मसाले’, खाली ‘गणपती पेठ, सांगली’. नवशिका काय करतो, तीन फुटांचे दोन भाग करतो आणि प्रत्येक भागात अक्षरं भरून टाकतो. मग वेलांटीला जागा उरत नाही, ती चेपून बसते. मराठी ओळीला तीन मजले असतात. मधलं अक्षराचं अंग, वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार. मजले आधी मोजायचे, मग अंग ठरवायचं.

तीन फूट म्हणजे छत्तीस इंच. वर-खाली तीन-तीन इंच मोकळे सोडले की तीस उरतात. पहिल्या ओळीत वर फक्त ‘ले’ची एक मात्रा आहे आणि खाली उकार एकही नाही. म्हणून वर पाच इंच, अंग दहा इंच, खाली दोन, असे सतरा. मध्ये तीन इंच मोकळे. दुसऱ्या ओळीत ‘ती’ आणि ‘ली’च्या वेलांट्या, ‘पे’ची मात्रा, ‘सां’वर अनुस्वार. तिथं वर तीन, अंग पाच, खाली एक. बेरीज एकोणतीस. एक इंच हातात राहिला, तो तळाला जाऊ द्या. हीच ओळ ‘गुळ व भुसार’ असती तर खालचा मजला वाढवून अंग कमी करावं लागलं असतं. प्रत्येक बोर्डाचं गणित नवं. ‘इलेक्ट्रिकल्स’ लिहायचं असेल तर मी आधीच जास्त वेळ मागते. ‘क्ट्रि’मध्ये खाली ‘ट’ला लागलेला र, वर वेलांटी आणि मध्ये मोडलेला क, सगळं एकाच ठिकाणी गर्दी करतं. तिथं अंगाची उंची कमी करून रुंदी वाढवली तरच वाचता येतं.

उंची ठरली की रद्दी पेपरच्या पट्ट्या जोडून त्यावर खऱ्या मापात अक्षरं कोळशानं काढा. पट्टी बोर्डावर धरून बघा. डावीकडून लिहीत गेलात तर शेवटचा ‘ले’ कडेला चिरडला जाणार, हे ठरलेलं. म्हणून बोर्डाचा मध्य काढायचा आणि पट्टीचा मध्य त्यावर बसवायचा. दोऱ्याला खडूची पूड चोळून दोन टोकांना ताणून धरा आणि मधे उचलून सोडा, सरळ रेघ उमटते. दुसरा माणूस नसेल तर एका टोकाला खिळा. मोठं नक्षीकाम किंवा एकच नाव चार ठिकाणी लिहायचं असेल तर कागदावर रेषेच्या कडेनं सुईनं भोकं पाडा आणि फडक्याच्या पुरचुंडीत गेरू बांधून वरून थापा. ठिपक्यांत चित्र खाली उतरतं.

आता ज्या शब्दावर सांगलीचा बाजार चालतो तो घ्या, ‘हळद’. ह, ळ, द. तिन्हींत एकही उभा दांडा नाही. तिन्ही अक्षरं शिरोरेघेखाली एका बारीक देठानं लोंबतात आणि त्यांचे गोल पोटाशी येतात. शेजारी ‘मसा’ बघा. म चा दांडा, स चा दांडा, काना. ओळीनं तीन खांब. दोन्ही शब्दांत पट्टीनं मोजून सारखं अंतर ठेवलं तर ‘हळद’ फाकलेली दिसते आणि ‘मसाले’ दाटीवाटीनं बसलेलं. कारण गोल अक्षरांच्या बाजूला वर आणि खाली कोपऱ्यांत मोकळी जागा आपोआप तयार होते. म्हणून ह, ळ आणि द एकमेकांच्या जवळ ओढा. ळ चं डावं पोट ह ला जवळजवळ टेकेल इतकं. म आणि स यांच्यामध्ये मात्र हात सैल सोडा. मोजायचं ते पांढरं क्षेत्रफळ, आणि तेही डोळ्यांनी. खात्री करायला मोबाइलवर फोटो काढून तो अंगठ्याएवढा करून बघा, किंवा कागदाची पट्टी उलटी धरा. उलटी धरली की शब्द वाचता येत नाही, नुसते आकार आणि भोकं दिसतात.

ळ चंच अजून एक. दोन पोटं अगदी सारखी काढली तर उजवं मोठं वाटतं. उजवं किंचित लहान ठेवा आणि देठ मधोमध न घेता जरासा उजवीकडं. हे पुस्तकात असेल-नसेल, आमच्या घरी असंच शिकवलं.

अक्षराचं जाड-बारीक कुठं येतं हे समजायला बोरू, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाची लेखणी, हातात घेतलाच पाहिजे. मराठी बोरूचा काप इंग्रजी टाकाच्या उलट दिशेला तिरका असतो, म्हणून इंग्रजी अक्षराच्या तिरक्या रेघांत जिथं जाड येतं तिथं आपल्याकडं बारीक येतं. बोरू नसेल तर दोन पेन्सिली रबरानं बांधा, टोकं त्याच तिरक्यात धरा आणि लिहा. दोन रेघांमधली जागा म्हणजेच जाडी. इंग्रजी फाँटवर शिकलेली पोरं मराठीतही इंग्रजी जाडी घालतात आणि अक्षर कुठंतरी खटकत राहतं, का ते गिऱ्हाईकाला सांगता येत नाही. दांड्याची जाडी अंगाच्या साधारण सहाव्या भागाइतकी धरा, म्हणजे आपल्या दहा इंचांच्या अक्षराला पावणेदोन इंचाच्या आतबाहेर. सरावाला कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं समोर ठेवा. नाटकाच्या गावात राहून ती बघायची नाहीत तर काय करायचं? नक्कल करा, अक्षरश: गिरवा. शिकताना ते चालतं.

कॉम्प्युटरवरून छापून आणलेला नमुना मात्र डोळे झाकून मोठा करू नका. मंगल हा फाँट र. कृ. जोशी यांनी केला तो पडद्यावर लहान आकारात वाचायला. तो आठ फुटांवर ताणला तर दोष फाँटचा नाही. शिवाय बऱ्याच फाँटमध्ये ‘ल’ दांड्याचा, हिंदी वळणाचा येतो. मराठी ल दोन पाकळ्यांचा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी सांगितले आहेत. गिऱ्हाईक छापील कागद दाखवून ‘असाच्या असा पाहिजे’ म्हणालं तरी ल मी माझाच काढते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

इंग्रजी नावही हवं असेल तर राज्याच्या दुकानं-आस्थापना कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती ध्यानात ठेवा. मराठी नाव देवनागरीत आधी पाहिजे आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मी मोजताना वेलांटी-मात्रा धरत नाही, नुसतं अंग मोजते. मग कुणी फूटपट्टी घेऊन आलं तरी वाद नाही.

रंगाला सुरुवात

ऑइलपेंट काडीवर घेऊन उचला. एकसलग धार पडली पाहिजे. तुटक थेंब पडले तर पातळ झाला, गोळा घसरला तर जाड आहे. चपटा ब्रश घ्या, केस लांब आणि टोक सरळ असलेला. काठीच्या टोकाला कापडाचा बोळा बांधा, तो बोर्डाच्या कोरड्या भागावर टेकवा आणि मनगट त्या काठीवर ठेवा. हात थरथरत नाही, ओला रंग पुसला जात नाही. आधी कड मारायची, मग पोट भरायचं.

शिरोरेघ शेवटी. काही पेंटर आधी शिरोरेघ ओढून खाली अक्षरं लटकवतात. मला ते पटत नाही. रेघ आधी ओढली की अक्षरं जागेवरून हलवायची मुभा संपते. खडूची खूण असू द्या, रंग सगळी अक्षरं झाल्यावर. ती डावीकडून उजवीकडं, हाताभर लांबीच्या ओढीनं, आधीची ओढ ओली असतानाच पुढची जोडत न्यायची. टेप लावली तर रंग अर्धवट सुकला असतानाच काढा, पूर्ण वाळल्यावर ओढली की कड फाटते.

आणि भ, ध, थ यांच्या डोक्यावर रेघ तोडायला विसरू नका. आमच्या भागात भडंगाची दुकानं गल्लोगल्ली. शिरोरेघ सरसकट ओढून दिली की भडंगाचं ‘मडंग’ होतं, आणि धान्याचं ‘घान्य’. मालक बोर्डाखाली हार घालून फोटो काढतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा दुकानदार वाचतो.

सावली द्यायची हौस सगळ्यांना असते. मराठी अक्षराला ती बेतानं द्या. शिरोरेघेची सावली खाली पडते ती नेमकी अक्षराच्या पोटात, आणि ‘ष’, ‘क्ष’ सारखी अक्षरं बुजतात. दांड्याच्या जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको. रंगांत हळदीच्या व्यापाऱ्याला पिवळी जमीन हवी असते, त्यावर काळी किंवा गडद तपकिरी अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता येतात. निळ्यावर लाल मागितलं तर मी नाही म्हणते, डोळ्यांसमोर अक्षरं नाचतात. पश्चिमेच्या उन्हात भडक लाल सगळ्यात आधी फिका पडतो. तांबडं हवंच असेल तर गेरूकडं झुकणारं घ्या, ते टिकतं.

अंतराचा हिशेब सोपा आहे, दहा फुटांना एक इंच अंग. चाळीस फूट रुंद रस्त्यापलीकडून वाचायचं तर चार इंच किमान, गाडीवरून जाणाऱ्यासाठी त्याच्या दुप्पट.

पुराच्या पट्ट्यातल्या दुकानांचं काम वेगळं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कित्येक बोर्ड गाळात होते. गाळ वाळायच्या आत साध्या पाण्यानं धुतला तर ऑइलपेंटचा बोर्ड बऱ्यापैकी वाचतो. कोरडा गाळ घासला की बारीक वाळूनं चकाकी जाते. भिंतीवरचं लिखाण मात्र भिंत आतून पूर्ण वाळेपर्यंत परत करू नका. ओल आत कोंडली की रंगाला फोड येतात. सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीत ही वाट बघायला दोन-तीन महिनेही लागतात. पावसाळ्यात तर बाहेरचं काम घ्यायचंच नाही, दमट हवेत चकाकी मरते. घेतलंच तर दुपारी अकरा ते तीन.

काम झाल्यावर ब्रश रॉकेल मिळालं तर त्यात, नाहीतर टर्पेंटाइनमध्ये धुवा, मग साबणानं, आणि केसांना थोडं गोडेतेल लावून टोक चिमटीत दाबून ठेवा. पाण्याच्या डब्यात उभा सोडलेला ब्रश सकाळी वाकडा झालेला असतो.

शेवटी फोन नंबर. मराठी आकड्यांत १ आणि ९ लांबून एकमेकांत मिसळतात. ९ चं डोकं मोठं ठेवा, त्याची आकडी डावीकडं स्पष्ट बाहेर काढा आणि १ ची शेपटी लांब, सरळ खाली सोडा. सांगलीकरांना आकडे लांबून वाचायची सवय आहे, पाऊस लागला की अर्धं गाव पुलावरचे फूट बघायला जातं, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. तरीही परीक्षा घ्या. मालकाला रस्त्यापलीकडं उभं करा, नंबर मोठ्यानं वाचायला लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो वाचेल तसा फोन लावायला सांगा. मालकाच्या खिशातला फोन वाजला की मगच शिडी काढा.