लोड डिस्पॅचकडे (ग्रिडवरच्या विजेच्या नियंत्रणाकडे) वळणाऱ्यांसाठी: फक्त मीटरवरचे 50 हर्ट्झ पाहू नका

नाशिकमध्ये इलेक्ट्रिकलची पदवी किंवा डिप्लोमा करून महापारेषणच्या परीक्षेच्या मागे लागलेल्यांसाठी आणि उपकेंद्रात नुकत्याच शिफ्टवर आलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. रिले, सीटी, पीटी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरलंय.

उतरंड सोपी आहे. उपकेंद्राच्या वर ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र, त्याच्या वर मुंबईतलं पश्चिम विभागाचं केंद्र आणि सगळ्यात वर दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक पाडलेले असतात. ब्लॉकमध्ये ठरल्यापेक्षा जास्त-कमी वीज ओढली की डीएसएमचा, म्हणजे ठरल्यापासून झालेल्या फरकाच्या पैशांचा, हिशेब लागतो. एवढं दोन दिवसांत डोक्यात बसतं.

नवीन माणूस फसतो तो फ्रिक्वेन्सीवर. 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात आकडा दिसला की त्याला वाटतं, ग्रिड ठणठणीत आहे. तसं मुळीच नाही, आणि हे नीट समजून घ्या. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर 765 केव्ही लाईनने दक्षिण विभाग जोडला गेला. तेव्हापासून अख्खा देश एका लयीत चालतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बसवर (सगळ्या लाईन जिथे जोडतात ती पट्टी) जी फ्रिक्वेन्सी, तीच गुवाहाटीला. ती फक्त निर्मिती आणि मागणीचा मेळ सांगते. कुठली लाईन गळ्यापर्यंत भरली आहे, हे ती कधीच सांगत नाही.

30 जुलै 2012 ला मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास उत्तर ग्रिड कोसळलं, त्याआधी फ्रिक्वेन्सी 49.68 होती, म्हणजे आजच्या पट्ट्याच्या थोडी खाली, पण ग्रिड पडावं इतकी नाही. बीना–ग्वाल्हेर 400 केव्ही लाईन ट्रिप झाली, पण लाईनवर फॉल्ट नव्हता. भार इतका चढला होता की डिस्टन्स रिलेच्या झोन 3 ला (पुढच्या लाईनपर्यंत पाहणारा बॅकअप टप्पा) तोच फॉल्ट वाटला.

हे कसं होतं ते कागदावर मांडा. रिलेला दिसणारा इम्पिडन्स म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले एमव्हीए. 400 केव्हीला 500 एमव्हीए असेल तर 320 ओहम. आता भार 1000 वर गेला आणि व्होल्टेज 360 वर घसरलं, तर 130 च्या आसपास. भार दुप्पट झाला, पण इम्पिडन्स निम्म्याहूनही खाली आला, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. पुढची लांब लाईन कव्हर करायला झोन 3 चा रीच मोठा ठेवलेला असेल, तर हा बिंदू त्यात शिरतो आणि टायमर संपताच ब्रेकर उघडतो. मग भार शेजारच्या लाईनवर जातो, तिचाही इम्पिडन्स घसरतो, आणि साखळी सुरू होते. अंडर-फ्रिक्वेन्सी रिले 49.4 पासून टप्प्याटप्प्याने भार तोडतात खरे, पण ते फ्रिक्वेन्सी पडल्यावरच जागे होतात. भरलेली लाईन त्यांना दिसत नाही.

म्हणून तासाचं रीडिंग घेताना केव्ही, मेगावॉट आणि एमव्हीएआर (व्होल्टेजशी निगडित रिॲक्टिव्ह वीज) तिन्ही एकत्र वाचा. निफाड-दिंडोरीकडे शेतीपंपांची थ्री-फेजची पाळी सुरू झाली की व्होल्टेज बसतं, फ्रिक्वेन्सी मात्र जागची हलत नाही. तिथे व्होल्टेज उचलून धरणारी कपॅसिटर बँक लागते. पावसाळ्यात रात्री उलट होतं: पंप बंद, लांब 400 केव्ही लाईन हलकी, व्होल्टेज चढतं आणि ते खाली आणणारा रिॲक्टर आठवतो. याला घाबरू नका. महिनाभर रोज पाहिलं की नजर बसते.

कोयनेचे जलविद्युतचे 1960 मेगावॉट संध्याकाळी सौर ऊर्जा उतरताना का जपून वापरतात, हेही तेव्हा उमगतं. थंड पडलेला 210 मेगावॉटचा कोळशाचा संच सुरू व्हायला कित्येक तास लागतात, पाण्याच्या संचाला तेवढे लागत नाहीत.

क्लासच्या प्रश्नसंचांवर माझा भरवसा नाही. त्यांनी मार्क मिळतील, पॅनेलसमोर उभं राहता येणार नाही. त्यापेक्षा जुन्या शिफ्ट ऑपरेटरकडे जा. ‘साहेब, हा ब्रेकर आधी का उघडला?’ एवढंच विचारा आणि ऐका. उत्तर द्यायला कंटाळणारे सीनियरही भेटतील. त्यांच्यामुळे विचारणं सोडू नका.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. फोनवर आलेली स्विचिंगची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवा, वेळेसकट लॉगबुकात लिहा, मगच हात हलवा. ट्रिपिंग झाल्यावर रिलेचे फ्लॅग (ट्रिप कशामुळे झालं ते दाखवणाऱ्या खुणा), झोन आणि फॉल्टचं अंतर टिपून घेतल्याशिवाय रिसेटचं बटण दाबायचं नाही. वरून कितीही घाई झाली तरी नाही, कारण झोन 3 ने ट्रिप झालं की झोन 1 ने, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.